पाचवं चाक



आजचा विषय जरा वेगळा आहे. पाणी गाळायचं फडकं, चातुर्मासातल्या भाज्या, दशलक्षणातले उपवास यांवर आपण पुष्कळ बोललो. आज टायरवर बोलायचं आहे. हसू नका. टायर हा घरातल्या पुरुषांचा प्रांत, असं मीही आत्ताआत्तापर्यंत धरून चालले होते. पण गेल्या महिन्यात आमच्या गाडीचे चारही टायर बदलायला गेलो आणि टायरवाल्या दादांनी विचारलं, "स्टेपनीचं काय करायचं? चार घालू की पाच?" तेव्हा हे काही न बोलता माझ्याकडं बघायला लागले. कारण २०१९ साली याच दुकानात, याच प्रश्नाचं उत्तर मी दिलं होतं.

आमची गाडी २०१४ च्या पाडव्याची. पाच वर्षांत पन्नास हजार किलोमीटरच्या आसपास झाले आणि २०१९ मध्ये पहिल्यांदा टायर बदलले. तेव्हाही दादा म्हणाले होते, "पाचवा पण घेऊन टाका." मी डिकी उघडून स्टेपनी बघितली. एकदाही लावलेली नव्हती. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, तेसुद्धा जागच्या जागी होते. मी म्हटलं, "नव्याला नवं कशाला? साडेतीन हजार काय झाडाला लागतात?" आणि घरी येताना यांना ऐकवलं, "गरज नसताना वस्तू घेणं, यालाच परिग्रह म्हणतात."

हे गप्प बसले. धर्माचं नाव निघालं की आमच्या घरात वाद थांबतो. मला त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलं. त्याच आठवड्यात नणंदेच्या घरच्या लग्नासाठी मी चार हजारांची साडी घेतली. कपाटात तशा रंगाच्या दोन होत्या. तेव्हा मात्र परिग्रह आठवला नाही.

आता मागच्या डिसेंबरात काय झालं ते सांगते.

आम्ही कुंथलगिरीला निघालो होतो. कुलभूषण आणि देशभूषण मुनींचं सिद्धक्षेत्र, आणि आपल्या भोजच्या आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली जिथं सल्लेखना घेतली ती जागा. यांच्या आत्यांना तिथं जायचं कधीपासून मनात होतं. आत्या पंचाहत्तरीच्या. लवकर वैधव्य आलं, मूलबाळ नाही, गावाकडं एकट्या राहतात. माझ्या बाळंतपणाला त्याच आल्या होत्या. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा सात महिने त्याच होत्या. दरवर्षी "पुढच्या वर्षी नेतो" म्हणत हे वर्ष उजाडलं होतं.

आत्यांचा नियम कडक. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही, औषधही नाही. तीस वर्षांत मोडलेला नाही. त्यांना साखरेचा आजार आहे, संध्याकाळच्या जेवणाबरोबर एक गोळी असते. म्हणून आमचा सगळा हिशेब त्यांच्या जेवणाच्या वेळेवर बांधलेला. सांगलीहून पहाटे निघायचं, मिरज, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी असं करत पाचच्या आत क्षेत्रावर पोचायचं आणि भोजनशाळेत त्यांना जेवायला बसवायचं. डिसेंबरात सहाच्या सुमाराला दिवस मावळतो, हे लक्षात ठेवूनच निघालो होतो. दशम्या आणि शेंगाची चटणी दुपारी पंढरपूरजवळ संपवली. "संध्याकाळी भोजनशाळा आहेच," असं मीच म्हटलं.

बार्शी मागे टाकली. उसाचा हंगाम, पुढं ट्रॅक्टरच्या दोन दोन ट्रॉल्या. त्यातल्या कुठल्या तरी ट्रॉलीचा बोल्ट रस्त्यावर पडला असावा. एकदम फाट् असा आवाज झाला आणि गाडी डावीकडं ओढायला लागली. पावणेपाच वाजले होते.

टायर बाजूनं फाटला होता. तळव्याला खिळा गेला तर पंक्चर काढता येतं, पण बाजूची भिंत फाटली की तो टायर गेलाच. हे म्हणाले, "काही नाही, स्टेपनी आहे की. पंधरा मिनिटांचं काम."

डिकी उघडली. अंथरूण-पांघरूण, आत्यांची पिशवी, पाण्याची कळशी, भडंगाचा रिकामा डबा, अक्षता आणि श्रीफळाची पिशवी, सगळं रस्त्याच्या कडेला मांडलं. सगळ्याच्या खाली स्टेपनी. यांनी ती बाहेर काढली, धूळ झटकली आणि अंगठ्यानं दाबली. ती दबली. हवाच नव्हती.

"शेवटची हवा कधी भरली होती?" लेकीनं विचारलं. हे काही बोलले नाहीत. मीही नाही. पेट्रोल पंपावर हवा भरताना चार चाकं होतात. पाचव्यासाठी डिकी रिकामी करावी लागते, म्हणून पोरगा विचारत नाही आणि आपण सांगत नाही.

आत्या दगडावर बसून हे सगळं बघत होत्या. त्या हसून म्हणाल्या, "अगं, त्याचं आणि माझं सारखंच आहे की. अडलं की काढायचं, काम झालं की परत खाली ठेवायचं." त्या गंमतीनंच म्हणाल्या. टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नाही. म्हणून तर ते जास्त लागलं.

एका मोटारसायकलवाल्या मुलानं देवासारखी मदत केली. स्टेपनी मागे बांधून पुढच्या गावात नेली, हवा भरून आणली. पैसे घेतले नाहीत. पण यात पाऊण तास गेला. चाक बसेपर्यंत साडेपाच होऊन गेले. ऊन तांबडं झालं होतं. पिशवीत एकच केळं राहिलं होतं. आत्यांनी ते खाल्लं, गाळलेलं पाणी पोटभर प्यायल्या, णमोकार म्हणून चारही आहारांचा त्याग केला. मी म्हटलं, "आत्या, गोळी?" त्या म्हणाल्या, "जेवणावर घ्यायची गोळी आहे. एका केळ्यावर कशी घेऊ?"

निघालो. सात-आठ किलोमीटर गेलो असू. गाडीचं स्टिअरिंग थरथरायला लागलं. हे म्हणाले, "रस्ता खराब आहे." लेक म्हणाली, "बाबा, वास येतोय." थांबून मोबाइलचा उजेड टाकला. टायरला एका बाजूला टेंगूळ आलं होतं आणि वरचं नक्षीचं रबर एका जागी सुटून उचललं होतं. बाजूच्या भिंतीवर बारीक बारीक भेगा, तळं आटल्यावर तळाच्या चिखलाला पडतात तशा. दिवसाच्या उजेडात कुणी नीट बघितल्या असत्या तर दिसल्याच असत्या. पण हवा आहे का, एवढंच आम्ही बघत होतो.

लेकीनं त्या टायरवर एका लंबगोल चौकटीत चार आकडे शोधले: ४८१३. ती म्हणाली, "आई, २०१३ सालचा अठ्ठेचाळिसावा आठवडा. म्हणजे नोव्हेंबर २०१३. हा टायर अकरा वर्षांचा आहे." मी ज्याला नवा म्हटला होता तो हाच.

रस्ता अरुंद होता म्हणून आमचा वेग चाळीसच्या वर गेला नव्हता. दुपारी मोठ्या रस्त्यावर हे ऐंशी-नव्वदनं चालवत होते. पंक्चर तिथं झालं असतं, हीच स्टेपनी लावून आम्ही त्याच वेगानं निघालो असतो तर? ह्यांनी ते वाक्य अर्धंच सोडलं.

क्षेत्राच्या कार्यालयात फोन केला. त्यांनी जीप पाठवली. धर्मशाळेत पोचायला नऊ वाजले. भोजनशाळा केव्हाच बंद झाली होती. सांगलीच्या आमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, जेवण नाही तर गोळी देऊ नका, पण घाम, थरथर, घाबरल्यासारखं वाटणं यावर लक्ष ठेवा आणि तसं काही झालं तर नियम बाजूला ठेवून लगेच साखर द्या.

मैत्रिणींनो, ती रात्र मी विसरणार नाही. आत्या झोपल्या. मी उशाशी बसून राहिले. तासातासानं त्यांच्या कपाळाला, तळहाताला हात लावून घाम आलाय का बघत होते. एका हाताशी साखरेची पुडी ठेवली होती. तीस वर्षांचा नियम आणि माझ्या हातातली साखर, यांतलं काय निवडायची वेळ आली असती तर मी साखर दिली असती. पण ती वेळ माझ्यामुळं आली असती. साडेतीन हजारांमुळं. त्याला मी धर्माचं नाव दिलं होतं.

तशी वेळ आली नाही. दिवस उगवला, दोन घडी झाल्या, आत्या जेवल्या, गोळी घेतली आणि काठी टेकत हळूहळू डोंगर चढल्या. दर्शन झालं. हे बार्शीहून एक जुना टायर मिळवून घेऊन आले, त्यावर आम्ही सावकाश घरी आलो.

घरी आल्यावर मी दोन गोष्टींचा विचार केला. एक टायरचा आणि एक माझा.

आधी टायरचा. आमच्या टायरवाल्या दादांनी जे समजावलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते.

रबर वापरल्यानं झिजतं आणि न वापरल्यानं वाळतं. हवेतला ऑक्सिजन, ओझोन आणि उष्णता ते हळूहळू कडक करतात. रबर लवकर तडकू नये म्हणून त्यात मेणासारखी द्रव्यं घातलेली असतात. टायर रस्त्यावर फिरतो, वाकतो, दबतो, तशी ती वर येतात आणि पृष्ठभाग सांभाळतात. डिकीत नुसता पडून राहिलेला टायर हलतच नाही, त्यामुळं ते संरक्षण त्याला पुरेसं मिळत नाही. शिवाय मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी किती तापते, ते आपल्याला माहीत आहे. म्हणजे आपण ज्याला जपून ठेवलेलं म्हणतो, ते आतून म्हातारं होत असतं. वरचे रबरी केस तसेच राहतात, म्हणून आपली फसगत होते.

म्हणून टायरचं वय नक्षीवरून ठरवायचं नाही, त्या चार आकड्यांवरून ठरवायचं. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बाहेरच्या बाजूला दिसले नाहीत तर चाकाच्या आतल्या बाजूला असतात. बऱ्याच गाडी कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणतात. काही टायर कंपन्या म्हणतात, पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही शिल्लक असो, टायर काढून टाका. स्टेपनीलाही हेच लागू.

मग नवीन चार टायर घेताना पाचवा घ्यायचा की नाही? दादा म्हणाले, याला एकच उत्तर नाही, तुमची गाडी वर्षाला किती चालते ते सांगा.

आमची गाडी वर्षाला नऊ-दहा हजार किलोमीटर चालते. आमची स्टेपनी बाकीच्या चार चाकांसारखीच, त्याच मापाची, तशाच लोखंडी रिमची. अशा गाडीला पाचही टायर नवे घ्यावेत आणि पाचही फिरते ठेवावेत. म्हणजे दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करतात ना, त्यात स्टेपनीलाही धरायचं. ती एका जागी लागते, तिथलं चाक डिकीत विश्रांतीला जातं. पाच टायर चौघांचं काम वाटून घेतात, त्यामुळं प्रत्येकाची झीज पाचव्या हिश्शानं कमी होते. जे टायर पन्नास हजार किलोमीटर चालले असते ते साठ-बासष्ट हजार चालतात. आमच्या हिशेबानं साधारण सहा वर्षं. म्हणजे टायर झिजायला आणि म्हातारे व्हायला एकच वेळ येते. कुठलाच वाया जात नाही. पाचव्यासाठी दिलेले पैसे डिकीत पडून सडत नाहीत, रस्त्यावर वसूल होतात.

पण माझ्या धाकट्या जावेची गाडी वर्षाला जेमतेम तीन-चार हजार किलोमीटर चालते. देरासर, भाजी, मुलांचा क्लास, एवढंच. तिचे टायर झिजायच्या आधीच वयानं बाद होणार. तिथं पाच फिरवून काही वाचत नाही. तिनं चार नवे घ्यावेत आणि काढलेल्या चारांतला सगळ्यात कमी वयाचा, नक्षी शिल्लक असलेला, भेग नसलेला टायर स्टेपनीच्या रिमवर बसवून घ्यावा. नक्षीच्या खोबणीत मधे मधे रबराच्या आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं आणि तो टायर संपला. तसला स्टेपनीलाही चालत नाही. आणि काढलेले चारही सहा-सात वर्षांचे असतील, तर तिलाही पाचवा नवा घेण्यावाचून गत्यंतर नाही.

काही गाड्यांना स्टेपनी बारीक असते. तिच्यावर ऐंशीच्या वर जाऊ नका असं लिहिलेलं असतं. ती फिरवाफिरवीत धरायची नाही. ती फक्त पुढच्या दुकानापर्यंत पोचण्यासाठी. पण तिचंही वय बघायचं. २०२० मध्ये नियम बदलल्यापासून हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालते. माझ्या भाच्याच्या नव्या गाडीत तशी पेटी आहे, एक छोटा पंप आणि एक चिकट द्रवाची बाटली. त्या बाटलीलाही मुदत असते, ती बघून ठेवा. आणि आमच्यासारखा टायर बाजूनं फाटला तर त्या बाटलीचा काही उपयोग नाही, हेही लक्षात ठेवा. अशा वेळी कुणाला बोलवायचं तो नंबर आधीच लिहून ठेवलेला बरा.

काढलेले टायर घरी आणू नका, ही माझी आणखी एक विनंती. "झोपाळा करू, कुंडी करू" म्हणून आपण ते गच्चीवर टाकतो. पावसाचं पाणी साठतं, त्यात डासांच्या अळ्या होतात आणि मग आपणच फवारणी करायला निघतो. जी हिंसा टाळता येते ती अशी आपल्या हातानं घरी आणायची नाही. दुकानातच परत द्या.

आता माझ्याबद्दल.

परिग्रह म्हणजे वस्तूंची मोजदाद नव्हे, वस्तूवरचं ममत्व, हे आपण लहानपणापासून प्रवचनात ऐकत आलो. २०१९ साली माझं ममत्व कशावर होतं? साडेतीन हजारांवर. टायर नको म्हणताना मी काही सोडत नव्हते, धरून ठेवत होते. आणि धर्माचा शब्द वापरला, म्हणून मला कुणी विचारलंही नाही. मैत्रिणींनो, आपल्या घरात हे पुष्कळदा होतं. काटकसर चांगली. पण काटकसर म्हणजे अपरिग्रह नव्हे. कंजूषपणा तर नव्हेच.

दुसरं, हिंसेची व्याख्या सांगताना तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी प्रमादाचा शब्द आधी ठेवला आहे, प्राण जाण्याचा नंतर. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. आपण पाणी गाळतो, धान्य निवडतो, दिवा उघडा ठेवत नाही, चुलीत लाकूड घालताना झटकून घेतो. हे सगळं कशासाठी? आपल्या बेसावधपणानं कुणाचा जीव जाऊ नये म्हणून. आणि त्याच आपण, पाच माणसं बसवून, अकरा वर्षांच्या टायरवर, तो न बघता, हमरस्त्यानं जातो. मुनी महाराज चार हात जमीन बघून पाऊल टाकतात. वस्तू उचलताना-ठेवताना बघून, पिंछीनं झाडून उचलतात-ठेवतात. आपल्याला तेवढं जमणार नाही. पण डिकीतली वस्तू महिन्यातून एकदा उचलून बघणं जमण्यासारखं आहे.

याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिनं सगळ्यांना खर्चात पाडलं. त्या रात्रीनंतर मला इतकी भीती बसली होती की मी यांना म्हटलं, पाच काय, सहा घ्या, एक घरी ठेवू. दादा हसले. "वहिनी, घरी ठेवलेला पण म्हाताराच होणार." भीतीपोटी जमवणं हाही परिग्रहच. वस्तू लागेल तेवढी घ्यावी, घेतली की वापरावी, वापरताना सांभाळावी आणि तिची वेळ झाली की सोडून द्यावी. या प्रसंगातून मला एवढंच समजलं.

आम्ही पाच घेतले. एकाला साडेचार हजार पडले. घेताना दादांकडून पाचही टायरचे चार आकडे दाखवून घेतले. दुकानात पडून जुना झालेला माल नवा म्हणून मिळू नये, एवढ्यासाठी. सगळे त्याच वर्षातले निघाले. लेकीनं ते आकडे एका चिठ्ठीवर लिहून गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात ठेवले आहेत, खाली बदलायचं वर्षही लिहिलं आहे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे पाचही चाकांची हवा तपासतात. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. स्टेपनीत दोन-चार पॉइंट जास्तच भरून ठेवायची, पडून राहून कमी होते म्हणून. लावायची वेळ आली की तेवढी कमी करायची. सोबत एक छोटा पंप घेतला आहे, गाडीतच लागतो. आणि डिकीत स्टेपनीच्या वर आता फक्त एक सतरंजी असते. बाकीचं सामान घरात.

त्याच रविवारी दुपारी आम्ही गावाकडं जातो, आत्यांकडं. काही काम नसतं. त्या चुलीवर भाकरी करतात, मी शेजारी बसते. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या बावरल्या. "काय गं, कोण आजारी आहे?" म्हणाल्या. कुणी आजारी नाही म्हटलं तर त्यांना खरंच वाटेना. दोन-तीन रविवार गेल्यावर खरं वाटायला लागलं. आता वाट बघतात आणि आम्ही पाचच्या आत जेवून निघावं म्हणून घाई करतात.

तुम्ही हे वाचून झालं की एक काम करा. यांची, मुलाची, दिरांची वाट बघू नका. स्वतः खाली जा, डिकी उघडा, सामान काढा आणि ते चार आकडे वाचा. भेगा बघा, अंगठ्यानं दाबून बघा. घरात कुणाचा सूर्यास्ताचा नियम असेल, तर प्रवासात शेवटच्या माणसाची शेवटची दशमी संपवू नका. हे मी मला स्वतःलाही सांगते.

कुणाला माझ्या लिहिण्यानं दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.